सोसायटी, कुंद्याचं दुकान आणि फाउंड्री: कुणी कुठलं एसएसएल घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीचा एक तरुण वेबसाइट करून देतो. सध्या त्याच्या हातात तीन कामं आहेत: खानापूर तालुक्यातली एक क्रेडिट सोसायटी, बेळगावातलं कुंदा (दुधाची मिठाई) विकणारं दुकान आणि उद्यमबागेतली एक फाउंड्री. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा, विकणाऱ्यानं त्याला एसएसएल सर्टिफिकेटांचं कोटेशन पाठवलंय. एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे साइट त्याच डोमेनची (नावाची) आहे हे ब्राउझरला पटवणारी आणि मधली माहिती बंद करून पाठवायला लागणारी फाइल. तिचे प्रकार पुढं सांगतो. सोसायटीला ईव्ही, फाउंड्रीला वाइल्डकार्ड, दुकानाला 'तीन वर्षांचं प्रीमियम' सर्टिफिकेट. सोसायटीच्या चेअरमननी त्यावर विचारलं, "फुकट मिळतं म्हणतात, मग हे कशाला? आणि पैसे मोजले तर जास्त सेफ होतंय काय?" ह्या दोन प्रश्नांवर काय सांगू, असं त्यानं विचारलंय.

चेअरमनांचा दुसरा प्रश्न आधी घेऊ. नाही होत. ग्राहकाच्या मोबाइलपासून सर्व्हरपर्यंतची माहिती किती घट्ट बंद होऊन जाते, हे सर्व्हरवरच्या टीएलएसच्या (माहिती बंद करून पाठवायची पद्धत, एसएसएलची पुढची पिढी) आवृत्तीवर आणि सेटिंगवर ठरतं. १.२ आणि २०१८ साली आलेली १.३ एवढ्या दोन चालू ठेवा, त्याआधीच्या बंद करा. सर्टिफिकेट फुकटचं असो नाहीतर हजारो रुपयांचं, त्यातली चावी सहसा आरएसए २०४८ किंवा ईसीडीएसए २५६ बिट ह्या नेहमीच्या प्रकारांतलीच असते. कोटेशनवर '२५६ बिट सुरक्षा' असं ठळक छापलेलं असेल तर ते फुकटच्यालाही तितकंच लागू आहे.

पैसे जातात ते तपासणीचे. डीव्ही (डोमेन व्हॅलिडेशन) सर्टिफिकेट देताना फक्त एवढं बघतात की डोमेन तुमच्या ताब्यात आहे. ते काम यंत्र करतं, मिनिटा-दोन मिनिटांत. ओव्हीमध्ये (ऑर्गनायझेशन व्हॅलिडेशन) संस्था खरोखर अस्तित्वात आहे का, हे माणूस कागदावरून आणि फोनवरून तपासतो आणि संस्थेचं नाव सर्टिफिकेटात घालतो. ईव्हीमध्ये (एक्स्टेंडेड व्हॅलिडेशन) तीच तपासणी आणखी कडक: कायदेशीर नोंदणी, पत्ता, सही करणाऱ्याचा अधिकार, सगळं.

ईव्हीला एकेकाळी अर्थ होता. ब्राउझरच्या पट्टीत संस्थेचं नाव हिरव्या रंगात झळकायचं. सफारीनं ते २०१८ मध्ये काढलं, क्रोमनं ७७ व्या आणि फायरफॉक्सनं ७० व्या आवृत्तीत, दोन्ही २०१९ मध्ये. लोक ते नाव बघतच नाहीत, आणि ते नसलं तरी कुणी थांबत नाही, असं त्यांना दिसून आलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तर क्रोमनं कुलपाचं चित्रसुद्धा काढून तिथं सेटिंगची खूण ठेवली. म्हणजे आज ईव्ही घेतलं तर तुमच्या सोसायटीचं नाव बघायला सभासदाला पट्टीवर दाबून, मग आत आणखी दाबत जावं लागणार. जांबोटीचा सभासद पासबुकाची शिल्लक बघायला आलाय. तो हे करणार नाही. विकणारा अजूनही हिरव्या पट्टीचा फोटो दाखवत असेल तर त्याचं माहितीपत्रक जुनं आहे.

चेअरमनांच्या मनातली भीती मात्र खरी आहे. उद्या कुणी सोसायटीच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन घेऊन खोटी साइट टाकली तर? तिलाही डीव्ही सर्टिफिकेट काही मिनिटांत मिळतं आणि ब्राउझर तिलाही 'कनेक्शन सुरक्षित' म्हणतो. तुमच्याकडे ईव्ही असल्यानं त्या चोराचं काही अडत नाही. सभासदाला वाचवतो तो साइटचा पत्ता. तो एकच असावा, पासबुकावर, पावतीवर आणि काउंटरमागच्या भिंतीवर छापलेला असावा, आणि सोसायटी कधीही एसएमएसमधून लिंक पाठवत नाही हे सभासदांना माहीत असावं. रिझर्व्ह बँकेनंही हीच वाट धरली. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानं बँकांना 'डॉट बँक डॉट इन' ह्या राखीव डोमेनवर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत जायला सांगितलं. ते डोमेन फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनं स्थापन केलेली संस्था देते. तुमची सोसायटी बँक नाही, त्यामुळे ते तिला मिळणार नाही. उलट, डोमेनमध्ये 'बँक' हा शब्द घालायचा मोह चेअरमनांना होत असेल तर थांबवा. परवाना नसलेल्या सहकारी संस्थांनी नावात 'बँक' वापरू नये, ह्यावर रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे.

एवढं करूनही संचालक मंडळाला सर्टिफिकेटात संस्थेचं नाव हवंच असेल, तर ओव्ही घ्या. अर्ज करण्याआधी मात्र कागद जुळवा, कारण आपल्या भागात काम अडतं ते इथंच. नोंदणीचं प्रमाणपत्र सहकार खात्याचं, कन्नडमध्ये: 'पत्तिन सहकार संघ नियमित'. दारावरची पाटी मराठीत: 'पतसंस्था मर्यादित'. पॅन कार्डावर इंग्रजीत 'को-ऑप क्रेडिट सोसायटी लिमिटेड', आणि तेसुद्धा कधी को-ऑप तर कधी को-ऑपरेटिव्ह. दूरदेशी बसलेल्या तपासनीसाला ह्या तीन वेगळ्या संस्था वाटतात, आणि त्याचं चूक नाही. त्यात गावाच्या नावाची भर. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजीत बेळगावचं बेळगावी झालं. त्याआधीच्या कागदांवर एक स्पेलिंग, जीएसटीच्या कागदावर दुसरं. सीमाप्रश्नावर तुमचं-माझं मत काही असो, सर्टिफिकेटच्या रकान्यात सरकारी नोंदीत आहे तेच जातं. तिथं वाद घालून फक्त आठवडे वाया जातात. अर्जात नाव आणि पत्ता एकाच चालू इंग्रजी कागदावरून उतरवा, जीएसटी असेल तर त्यावरूनच, आणि स्वल्पविरामसुद्धा बदलू नका.

संस्था कुठल्या कायद्याखाली नोंदवली आहे हेही बघून ठेवा. १९५९ चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा, १९९७ चा सौहार्द कायदा, की निपाणी-कागल अशी राज्याच्या सीमेच्या दोन्हीकडे सभासद असलेली, २००२ च्या बहुराज्य कायद्याखालची. शेवटच्या प्रकारात नोंद केंद्रीय निबंधकाकडे असते, त्यामुळे इंग्रजीतली नोंद दाखवणं त्यातल्या त्यात सोपं. पहिल्या दोन्हींत कागद कन्नडमध्ये असेल तर चार्टर्ड अकाउंटंट किंवा वकिलाचं पत्र जोडायची सोय बहुतेक कंपन्या देतात. कुठला नमुना चालतो ते आधी विचारून घ्या. मग फोन येतो. तो तुम्ही दिलेल्या नंबरवर येत नाही. त्यांनी स्वतंत्र यादीतून शोधलेल्या नंबरवर येतो. सोसायटीची लँडलाइन कधीच बंद पडलेली असते, किंवा शिपाई उचलतो आणि इंग्रजी ऐकून ठेवून देतो. आधी तो नंबर चालू करा आणि काउंटरवरच्या माणसाला सांगून ठेवा.

ह्याच संदर्भात एक गोंधळ नेहमी दिसतो. सोसायटीचा अकाउंटंट म्हणतो, "आमच्याकडं डिजिटल सर्टिफिकेट आहे की, यूएसबीत." ते सही करण्याचं डीएससी. आयटी कायदा २००० खाली परवाना मिळालेल्या कंपन्या ते देतात, रिटर्न भरताना ते लागतं. वेबसाइटला त्याचा काही उपयोग नाही.

आता मुदत. खरी निवड इथं होते आणि कोटेशनमध्ये नेमकं हेच लपलेलं असतं.

सप्टेंबर २०२० पासून कुठल्याही सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझरवाल्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांच्या सामाईक मंचानं ऍपलनं मांडलेला ठराव मंजूर केला. १५ मार्च २०२६ पासून दिलेल्या सर्टिफिकेटला जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. डोमेन ताब्यात असल्याचा एकदा दिलेला पुरावाही तेव्हा दहाच दिवस चालणार. ओव्हीचे कागद पूर्वी ८२५ दिवसांपर्यंत धरले जायचे, ते आता ३९८. म्हणजे तो फोन आणि ती पत्रं दरवर्षी. फुकटचं असो की विकतचं, हा नियम सगळ्यांना सारखा.

म्हणून 'तीन वर्षांचं सर्टिफिकेट' अशी चीज बाजारात नाही. आहे ती तीन वर्षांची वर्गणी. त्या काळात सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा काढून पुन्हा पुन्हा सर्व्हरवर बसवावं लागणार. २०० दिवसांत वर्षातून दोनदा, १०० मध्ये चारदा, ४७ मध्ये आठदा. ते कोण करणार, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नाही. तुम्हीच करणार, फुकटात, गणपतीच्या सुट्टीत दुकानदाराचा फोन आल्यावर. माझ्याकडं तक्रार घेऊन येणाऱ्यांत सर्टिफिकेट कमी दर्जाचं होतं म्हणून आलेला कुणी आठवत नाही. मुदत संपली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून येणारे मात्र नेहमीचे.

तेव्हा होस्टिंगवाल्याला दर्जाचं विचारू नका. विचारा: ऍक्मी पद्धतीनं, म्हणजे माणसाशिवाय प्रोग्रॅमनंच मागून, सर्टिफिकेट आपोआप नवं होतं का? लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्थेची सेवा डिसेंबर २०१५ पासून सगळ्यांना खुली आहे आणि ती ह्याच पद्धतीवर चालते. गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस आणि झीरोएसएसएल यांचीही अशीच सोय आहे. सीपॅनेलवर (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) हे काम ऑटोएसएसएल करतं, स्वतःच्या सर्व्हरवर सर्टबॉट किंवा कॅडी हे प्रोग्रॅम. ओव्ही विकणाऱ्या बऱ्याच कंपन्याही आता ऍक्मी देतात. ओव्ही घेणार असाल तर तिथूनच घ्या. काही होस्टिंगवाले स्वस्त प्लॅनमध्ये फुकटचं सर्टिफिकेट मुद्दाम बंद ठेवतात म्हणजे विकतचं घ्यावं लागतं. अशा ठिकाणी सर्टिफिकेटवर पैसे घालण्यापेक्षा होस्टिंग बदललेलं परवडतं.

'आपोआप' म्हटलं की लोक निर्धास्त होतात, पण ते कुठं अडतं हे माहीत हवं. सोसायट्यांत सर्रास दिसणारं: कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सर्व्हरचा ८० नंबरचा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) बंद करतो. डोमेन ताब्यात असल्याची नेहमीची तपासणी त्याच पोर्टवरून येते, ती फसते. दुसरं, फायरवॉलमध्ये 'भारताबाहेरचं सगळं बंद' असा नियम. सर्टिफिकेट देणारा आता जगातल्या अनेक ठिकाणांहून एकाच वेळी तपासतो, त्यामुळे हा नियम असेल तर आज ना उद्या नूतनीकरण थांबणारच. तिसरं, सर्टिफिकेटची फाइल नवी होते पण वेब सर्व्हरला कुणी रीलोड करत नाही. डिस्कवर नवं, ग्राहकाला दिसतं जुनं. सर्टबॉटमध्ये नूतनीकरणानंतर चालवायची आज्ञा लिहायची सोय आहे, ती वापरा. आणि सर्व्हर सोसायटीच्या ऑफिसातच ठेवला असेल तर खानापूर भागातला पावसाळा लक्षात घ्या. संध्याकाळी वीज गेली म्हणून यंत्र बंद केलं, सकाळी नऊला सुरू केलं, आणि नूतनीकरणाचं काम लावलंय रात्री दोनला. ते कधीच चालत नाही. दिवसातून दोनदा चालेल असं लावा, त्यातलं एकदा कामाच्या वेळेत.

लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपण्याआधी ईमेल पाठवायची, ती ४ जून २०२५ पासून बंद झाली. बाहेरून नजर ठेवणारी एखादी सेवा लावा, वीस दिवस राहिले की मेसेज येईल अशी.

फाउंड्रीकडं येतो. वाइल्डकार्ड म्हणजे एका डोमेनखालच्या सगळ्या सबडोमेनना एकच सर्टिफिकेट. ऐकायला सोयीचं. पण ते एकाच पातळीपर्यंत चालतं: 'मेल डॉट फाउंड्री डॉट कॉम'ला चालेल, 'टेस्ट डॉट मेल डॉट फाउंड्री डॉट कॉम'ला नाही. नुसत्या 'फाउंड्री डॉट कॉम'लाही चालत नाही. ते नाव त्यात वेगळं घालावं लागतं, विकणारे सहसा घालतात, तरी तपासा. आणि एकच खाजगी चावी मग वेबसाइटच्या सर्व्हरवर, मेलच्या सर्व्हरवर, ईआरपीवाल्याच्या (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर, अशी फिरत राहते. ईआरपीवाल्या पोरानं नोकरी सोडताना ती लॅपटॉपवर नेली तर तुमची सगळी सबडोमेनं उघडी. चार-पाच सबडोमेनं असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र फुकटचं सर्टिफिकेट द्या. एकाचं बिघडलं तर बाकीची चालू राहतात.

वाइल्डकार्ड कामाला येतं ते दोन प्रसंगी. रोज नवी सबडोमेनं तयार होत असतील तेव्हा. किंवा आतल्या सबडोमेनची नावं जगाला कळू द्यायची नसतील तेव्हा, कारण दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत चढतं आणि कुणीही ती शोधू शकतो. घ्यायचंच तर लेट्स एन्क्रिप्ट मार्च २०१८ पासून वाइल्डकार्डही फुकट देतं. फक्त त्याला डीएनएसमधून (डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडं जातं हे सांगणारी यादी) पुरावा द्यावा लागतो, म्हणजे डोमेनचं डीएनएस अशा ठिकाणी हवं जिथं प्रोग्रॅममधून नोंद बदलता येते.

हाच डीएनएसचा मार्ग फाउंड्रीच्या आणखी एका कामाला पडतो. शॉप फ्लोअरवरचं ईआरपी १९२.१६८ नं सुरू होणाऱ्या आतल्या पत्त्यावर चालतं आणि प्रत्येक यंत्रावर लाल इशारा येतो. ह्या पत्त्याला किंवा 'डॉट लोकल' नावाला कुठलीही मान्यताप्राप्त कंपनी सर्टिफिकेट देत नाही. खऱ्या डोमेनचं एक सबडोमेन घ्या, त्याला आतला पत्ता द्या, डीएनएसवरून सर्टिफिकेट काढा. सर्व्हर इंटरनेटवर उघडा करायची गरज नाही. परदेशी खरेदीदाराची सुरक्षा प्रश्नावली येते, तिच्यात ओव्ही लेखी मागितलं असेल तर घ्या, वाद घालू नका; मालाच्या ऑर्डरपुढं ती रक्कम काही नाही. पण वाचून बघा, बहुतेक वेळा तिथं टीएलएस १.२ किंवा वरचं एवढंच मागितलेलं असतं.

कुंद्याचं दुकान सोपं आहे. तयार दुकानाच्या प्लॅटफॉर्मवर असेल तर सर्टिफिकेट त्यांच्याकडूनच येतं, एक रुपया देऊ नका. स्वतःच्या होस्टिंगवर असेल तर डीव्ही पुरे. पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) ईव्ही लागतं ही अफवा आहे. एक गोष्ट मात्र तपासा. सर्टिफिकेटसोबतची मधली साखळी, म्हणजे फुलचेन फाइल, बसवली आहे का? ती नसली तरी कॉम्प्युटरवरचं क्रोम हरवलेला दुवा स्वतः शोधून आणतं आणि सगळं ठीक दिसतं. गेटवेचा सर्व्हर तसं करत नाही. मग गिऱ्हाइकाचे पैसे जातात, दुकानात ऑर्डर 'पेंडिंग' राहते, आणि दिवाळीच्या गर्दीत दोष कुरियरवाल्यावर जातो.

तिन्ही ठिकाणांसाठी थोडं किरकोळ. क्लाउडफ्लेअर (ग्राहक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी सेवा) वापरत असाल तर 'फ्लेक्सिबल' सेटिंग ठेवू नका. त्यात ग्राहकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंतच बंदोबस्त असतो, पुढं तुमच्या सर्व्हरपर्यंत माहिती उघडी जाते. 'फुल स्ट्रिक्ट' ठेवा. सोसायटीच्या लॉगिनसाठी तर ह्यात तडजोडच नको. डीएनएसमध्ये सीएए नावाची नोंद घाला: तुमच्या डोमेनला सर्टिफिकेट कोण देऊ शकतो हे त्यात लिहिता येतं आणि सप्टेंबर २०१७ पासून देणाऱ्यांना ते बघणं बंधनकारक आहे. हे कागदी वाटेल, पण जुलै २०१४ मध्ये आपल्याच देशातल्या एनआयसी ह्या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती. साइटला 'डॉट भारत'चं देवनागरी नाव घेतलं असेल तरी अडचण नाही, फक्त अर्जात ते 'एक्सएन' आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या रूपात द्यावं लागतं. आणि एखाद्याच काउंटरवरच्या जुन्या पीसीवर सर्टिफिकेट चुकीचं दिसत असेल तर आधी त्याच्या घड्याळातली तारीख बघा. मदरबोर्डची बॅटरी गेलेली असते.

म्हणजे कोटेशनला उत्तर असं: दुकानाला विकतचं काही नको, फाउंड्रीला वेगवेगळी डीव्ही, सोसायटीला डीव्ही किंवा मंडळाचा आग्रह असेल तर ऍक्मीवर चालणारं ओव्ही. वाचलेल्या पैशांतला काही भाग वार्षिक देखभाल म्हणून तुमच्या बिलात लिहा, उघडपणे. आणि सोसायटीच्या पुढच्या मासिक सभेत एक ठराव करून घ्या. डोमेन, डीएनएस आणि होस्टिंगची खाती संस्थेच्या ईमेलवर असतील, तुमच्या खाजगी जीमेलवर नाही. मुदतीचा इशारा सेक्रेटरी आणि तुम्ही अशा दोघांना जाईल. त्या ईमेलचा पासवर्ड सेक्रेटरी बदलला की नव्याच्या ताब्यात लेखी दिला जाईल. हा ठराव कन्नडमध्ये लिहायचा की मराठीत, ते मंडळानं ठरवावं.